प्रोग्राम मॅनेजरच्या मुलाखतीची तयारी: निर्णयांची वही आणि तीन आठवडे

नागपुरात वर्धा रोडनं विमानतळाकडे जाताना डबल डेकर पुलाचे खांब लागतात. जमिनीवर जुना रस्ता, त्याच्या वर महामार्गाचा उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो. लांबी ३.१४ किलोमीटर. उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, मेट्रो महामेट्रोची, खांब मात्र दोघांचे मिळून एकच. वरून मेट्रो मार्च २०१९ मध्ये धावू लागली, मधला उड्डाणपूल नोव्हेंबर २०२० मध्ये खुला झाला.

मुलाखतीची तयारी करणारं कोणी माझ्याकडे आलं की मी त्यांना आधी या खांबांची आठवण करून देतो. उड्डाणपूल हा एक प्रोजेक्ट, मेट्रोचा मार्ग हा दुसरा. दोघांचे पैसे वेगळे, तारखा वेगळ्या, साहेब वेगळे. पण खांबावर किती भार येणार हे दोघांपैकी एकाला एकट्यानं ठरवता येत नाही. अशा दोन-चार कामांच्या मधल्या जागेत जो उभा असतो तो प्रोग्राम मॅनेजर. त्याच्या हाताखाली बहुतेक वेळा कोणीच नसतं, आणि काही अडलं की पहिला फोन त्यालाच येतो.

मी आयटीत बरीच वर्षं आहे, मुलाखती दिल्या आहेत आणि आता घ्यायलाही बसतो. समोर येणाऱ्या बहुतेकांना काम येत असतं. तरी ते मागे पडतात, कारण ते पाऊण तास काम सांगतात आणि त्या कामात आपण कोणता निर्णय घेतला, कधी घेतला, कशाच्या भरवशावर घेतला, हे सांगायचं राहून जातं. पॅनेलला ऐकायचं असतं ते हेच. म्हणून खालची सगळी तयारी निर्णयांभोवती आहे. नोकरी सांभाळून, रोज दीड-दोन तास दिले तर तीन आठवडे पुरतात.

आधी जाहिरात नीट वाचा

‘प्रोग्राम मॅनेजर’ या नावाखाली किमान तीन वेगळ्या नोकऱ्या असतात.

मिहान या विमानतळाजवळच्या औद्योगिक क्षेत्रातल्या किंवा परसोडीच्या आयटी पार्कमधल्या सेवा देणाऱ्या कंपन्यांत हे पद बहुतेक वेळा क्लायंटच्या कामाचं असतं. एकाच क्लायंटचे चार-पाच प्रोजेक्ट, त्यांचं बिलिंग, माणसांची जुळवाजुळव आणि नफ्याची टक्केवारी. इथं पैशांचे प्रश्न जास्त येतात. प्रॉडक्ट बनवणाऱ्या कंपन्यांत ‘टेक्निकल प्रोग्राम मॅनेजर’ म्हणजे वेगवेगळ्या इंजिनिअरिंग टीम एका तारखेला जुळवणारा माणूस. तिथं सिस्टिमची रचना फळ्यावर काढून दाखवायला सांगतात. मायक्रोसॉफ्टसारख्या ठिकाणी तर ‘प्रोग्राम मॅनेजर’ म्हणून बरीच वर्षं जे काम चाललं ते इतर कंपन्या प्रॉडक्ट मॅनेजरचं काम म्हणतात. म्हणून जुन्या प्रश्नांच्या याद्या पाठ करताना त्या कोणत्या कामाच्या आहेत हे बघून घ्या.

तिसरा प्रकार संस्थांमधला. मेळघाट-गडचिरोलीकडे आरोग्य, शिक्षण, पाणी यांवर काम करणाऱ्या संस्था आणि कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारीचे) विभाग प्रोग्राम मॅनेजर नेमतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, त्यामुळे या मुलाखतीत खर्चाचा हिशेब आणि परिणाम या दोन्हींवर भर असतो. ‘४० शिक्षकांना प्रशिक्षण दिलं’ हे झालं काम. ‘त्यांच्या वर्गातली किती मुलं आता वाचू लागली’ हा झाला परिणाम. हा फरक ज्याला बोलता बोलता दाखवता येतो त्याला तिथं ऐकून घेतात. पुढची उदाहरणं आयटीतली असली तरी पद्धत तीच वापरा.

जाहिरातीची प्रिंट काढा आणि प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा. ‘समन्वय करणे’, ‘जोखीम ओळखणे’, ‘वरिष्ठांना अहवाल देणे’, ‘बजेट सांभाळणे’. एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत तीनदा आली असेल, तर त्या जागी आधीचा माणूस तिथंच अडकला असण्याची शक्यता मोठी असते. त्या गोष्टीवर तुमच्याकडे दोन अनुभव तयार हवेत.

निर्णयांची वही

तयारीचा अर्धा वेळ इथं द्या. दोनशे पानी साधी वही घ्या. गेल्या चार-पाच वर्षांचं कॅलेंडर, स्वतःचे अप्रेझलचे फॉर्म आणि आठवण यांच्या मदतीनं एकेक प्रसंग खणून काढा. ऑफिसची कागदपत्रं किंवा क्लायंटचे मेल घरी आणू नका. मुलाखतीतही क्लायंटचं नाव न घेता ‘एक मोठी विमा कंपनी’ एवढंच म्हणा. जुन्या क्लायंटची गुपितं सांगणारा माणूस उद्या आपलीही सांगेल, हे पॅनेलला लगेच कळतं.

प्रत्येक प्रसंगाला दोन पानं. वर लिहा: तेव्हा मला काय माहीत होतं आणि काय माहीत नव्हतं. मग: कोणते दोन-तीन रस्ते होते. मग: मी कोणता निवडला आणि का. शेवटी: काय झालं, आकड्यात. आज तसाच प्रसंग आला तर काय वेगळं करेन, ही एक ओळ खाली हवीच, कारण चांगलं पॅनेल तो प्रश्न सोडत नाही. परिस्थिती, जबाबदारी, कृती, निकाल हा जो स्टारचा साचा सगळे सांगतात तो वाईट नाही. पण त्यात ‘का’ला वेगळं घर नाही, म्हणून लोक कृतींची यादी वाचून मोकळे होतात.

आपल्याकडच्या लोकांची खरी अडचण मात्र दुसरीच आहे. आपल्याच तोंडानं आपलं सांगायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. त्रिमूर्ती नगरातली एक मुलगी माझ्याकडे तयारीला यायची. आठ वर्षांचा अनुभव, काम सोन्यासारखं. पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा म्हणाली, “दादा, सगळं तर टीमनं केलं ना. मी फक्त फॉलोअप घेतला.”

“तू फॉलोअप घेतला नसतास तर काय झालं असतं?”

ती जरा थांबली. “तर गो-लाइव्ह (सिस्टिम प्रत्यक्ष सुरू होणं) पंधरा दिवस लांबलं असतं. व्हेंडरचं टेस्ट एन्व्हायर्नमेंट कोणी बुकच केलं नव्हतं.”

“आणि हे तुलाच कसं दिसलं?”

“प्लॅनमध्ये त्या कामासमोर तारीख होती, पण माणसाचं नाव नव्हतं. मला ते खटकलं. मग मी सगळ्या व्हेंडरच्या कामांसमोर नावं मागितली. अकरापैकी चार कामांना मालकच नव्हता.”

तिला जे ‘फक्त फॉलोअप’ वाटत होतं, ते प्रोग्राम मॅनेजरचं मुख्य काम होतं. तारीख आहे पण मालक नाही, अशा जागा हुडकायच्या. आम्ही तो प्रसंग चार मिनिटांत बसवला: अकरा कामं, चार बेवारस, दोन दिवसांत नावं मिळाली, एका कामासाठी तिला व्हेंडरच्या वरिष्ठांपर्यंत जावं लागलं, गो-लाइव्ह ठरल्या तारखेला झालं. त्यानंतर तिनं प्रत्येक प्लॅनमध्ये मालकाचा रकाना सक्तीचा केला. ही शेवटची ओळ तिनं सहज सांगितली होती, पण मुलाखतीत तीच सगळ्यात वजनदार ठरते, कारण एका प्रसंगातून कायमची पद्धत तयार झाल्याचं तिच्यातून दिसतं.

मीही हे ठेच खाऊनच शिकलो. एका मुलाखतीत मी सलग वीस मिनिटं ‘वुई डिड’, ‘वुई डिसायडेड’ करत होतो. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, या सगळ्यात तुम्ही कुठे होतात? मला चटकन एकही वाक्य सुचलं नाही. निर्णय माझेच होते, ते माझे म्हणून मी कधी मांडलेलेच नव्हते. ती नोकरी गेली. तेव्हापासून मी नियम पाळतो: टीमनं केलं ते ‘आम्ही’, मी ठरवलं ते ‘मी’. दोन्ही खरं सांगायचं. टीमचं श्रेय स्वतःकडे ओढणंही पॅनेलला पुढच्या दोन प्रश्नांत दिसतं.

वहीत आठ ते दहा प्रसंग पुरतात, पण ते सगळे यशाचे नकोत. हे प्रकार नक्की असू द्या: तारीख चुकली तो प्रसंग, दोन टीमचं भांडण, वरिष्ठांना ‘नाही’ म्हणावं लागलं तो दिवस, अपुऱ्या माहितीवर घेतलेला निर्णय, चालू काम बंद करण्याची शिफारस, आणि तुमचा चुकलेला अंदाज. चुकलेल्या अंदाजाला ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ छापाचं उत्तर देऊ नका. खरी चूक, तिची किंमत, आणि ती तुम्हाला कळल्यावर पहिल्या चोवीस तासांत काय केलं, ते सांगा.

सध्या प्रोजेक्ट मॅनेजर किंवा टीम लीड असाल तर ‘मी अजून प्रोग्राम सांभाळलाच नाही’ म्हणून मागे सरकू नका. तुमच्या प्रोजेक्टचा धागा दुसऱ्या टीमच्या कामात जिथं जिथं अडकला होता, ते सगळे प्रसंग प्रोग्रामचेच आहेत. वहीत तेच आधी घ्या.

आता भाषेचं. हे प्रसंग आधी मराठीत सांगा, मोठ्यानं. आईला, भावाला, शंकर नगरच्या टपरीवर चहा घेताना मित्राला. आयटीत नसलेल्या माणसाला गोष्ट कळली आणि त्यानं ‘मग पुढं?’ असं विचारलं, तर बांधणी जमली. त्यानंतर इंग्रजीत उतरवा, लहान वाक्यांत. उलट केलं, म्हणजे थेट इंग्रजीत पाठ केलं, तर मध्येच कोणी अडवलं की धागा तुटतो. मराठीत पक्की झालेली गोष्ट कुठूनही तोडली तरी पुन्हा पकडता येते. इंग्रजी अस्खलित नसल्यानं नाकारलेले मी फार थोडे पाहिले आहेत. गोंधळलेल्या गोष्टीमुळे नाकारलेले पुष्कळ.

हत्यारं: थोडी, पण हातात बसलेली

रिस्क रजिस्टर (जोखमींची नोंदवही), डिपेंडन्सीची यादी (कोणतं काम कोणत्या कामावर अडून आहे), रेड-अंबर-ग्रीन स्टेटस (लाल म्हणजे अडलेलं, पिवळं म्हणजे धोक्यात, हिरवं म्हणजे सुरळीत), कोण करणार आणि कोण जबाबदार हे सांगणारा आरएसीआय तक्ता, एवढं रोजच्या वापरातलं येतच असेल. रिस्क आणि इश्यू यांतला फरक मात्र घोळू देऊ नका. व्हेंडर उशीर करेल ही रिस्क, व्हेंडरनं उशीर केला हा इश्यू.

क्रिटिकल पाथ, म्हणजे एकावर एक अवलंबून असलेल्या कामांची सगळ्यात लांब साखळी, कागदावर काढता आला पाहिजे. समजा, डेटा साफ करायला ३ आठवडे, हलवायला ६, मग बिलिंग तपासायला ३. ही साखळी १२ आठवड्यांची. शेजारी अॅपचे बदल ५ आठवडे आणि तपासणी २, म्हणजे ७. अॅपची टीम दोन आठवडे मागे पडली तर आरडाओरडा करायचं कारण नाही, त्यांच्याकडे ५ आठवड्यांची मोकळीक आहे. डेटाची टीम तीन दिवस मागे पडली तर मात्र त्याच दिवशी फोन उचलायचा. कुठं शांत राहायचं आणि कुठं नाही, हे पॅनेलला तुमच्या तोंडून ऐकायचं असतं.

अर्न्ड व्हॅल्यूचा (झालेल्या कामाची बजेटातली किंमत धरून वेळ आणि खर्च तपासण्याचा) एखादा हिशेब अजूनही विचारतात, विशेषतः सेवा कंपन्यांत. एकूण बजेट १ कोटी. आजपर्यंत ४० लाखांचं काम व्हायला हवं होतं, ३२ लाखांचं झालं, खर्च ३८ लाख झाला. वेळेचा निर्देशांक ३२ भागिले ४०, म्हणजे ०.८०. खर्चाचा ३२ भागिले ३८, म्हणजे ०.८४. याच वेगानं गेलो तर शेवटचा खर्च १ कोटी भागिले खर्चाचा निर्देशांक, म्हणजे सुमारे १ कोटी १९ लाख. आकडा काढून थांबू नका. ‘मी आधी हे बघेन की जास्तीचा खर्च एकदाच झालेला आहे की दर महिन्याला होणार आहे’ हे पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं.

पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं) किंवा पीजीएमपी (प्रोग्राम मॅनेजमेंटचं) प्रमाणपत्र असेल तर छान, बायोडेटा वरच्या गठ्ठ्यात जायला मदत होते. नसेल तर मुलाखतीच्या तोंडावर त्याच्या मागे लागू नका.

केसचा प्रश्न

दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत एखादी परिस्थिती देतात आणि ‘कसं कराल?’ विचारतात. एक उदाहरण पूर्ण सोडवू.

‘कंपनीची जुनी सिस्टिम क्लाउडवर न्यायची आहे. ग्राहकांचं अॅप, बिलिंग आणि रिपोर्टिंग अशा तीन टीम. जुन्या सॉफ्टवेअरचं लायसन्स ३१ मार्चला संपतं. हातात १४ आठवडे आहेत.’

बहुतेक जण लगेच प्लॅन काढायला बसतात. तुम्ही आधी पाच मिनिटं प्रश्न विचारा. तारीख कोणी ठरवली? लायसन्स दोन महिन्यांनी वाढवलं तर किती पैसे लागतील? हा प्रश्न विचारणारा उमेदवार पॅनेलच्या लक्षात राहतो, कारण कधी कधी तारीख विकत घेणं हे पन्नास माणसांना रात्रंदिवस राबवण्यापेक्षा स्वस्त पडतं. मग विचारा: यातून कंपनीला काय मिळवायचं आहे, खर्च कमी करायचाय की वेग वाढवायचाय? आणि अंतिम निर्णय कोणाचा?

आता तारखेकडे बघा. ३१ मार्च म्हणजे आर्थिक वर्षाचा शेवट. त्या आठवड्यात बिलिंगला हात लावू देणारा फायनान्सचा माणूस मला अजून भेटलेला नाही. म्हणजे खरी तारीख मार्चचा दुसरा शनिवार-रविवार, आणि १४ आठवड्यांचे प्रत्यक्षात अकरा-बारा उरतात. क्रिटिकल पाथही १२ आठवड्यांचा निघाला तर मोकळीक जवळपास शून्य. हे मोठ्यानं बोला आणि मग मार्ग सुचवा: रिपोर्टिंग एप्रिलनंतर हलवायचं, पाच वर्षांहून जुना डेटा मागाहून न्यायचा, किंवा लायसन्स वाढवायचं. तिन्हींची किंमत सांगा आणि तुमची शिफारस एकच द्या. ‘तिन्ही पर्याय चांगले आहेत’ असं उत्तर दिलं तर निर्णय पुन्हा पॅनेलच्याच गळ्यात पडतो.

मग प्रत्यक्ष बदलाची रात्र. समजा, शनिवारी रात्री १० ते सोमवारी पहाटे ४, म्हणजे ३० तास मिळालेत. डेटा हलवायला ९ तास, म्हणजे रविवारी सकाळी ७. काही बिघडलं तर जुन्यावर परत जायला ५ तास. म्हणजे ‘मागे फिरायचं का?’ हा निर्णय रविवारी रात्री ११ च्या आत झालाच पाहिजे. मधले १६ तास तपासणीचे. हा ११ वाजताचा निर्णय कोण घेणार, कोणत्या चार कसोट्यांवर घेणार, हे आठवडाभर आधी लिहून सगळ्यांची संमती घेतलेली असली पाहिजे. मध्यरात्री दमलेल्या माणसांना ‘थोडं आणखी बघू’ असंच वाटतं. दोन रंगीत तालमी घ्या. बदलानंतरचे दोन आठवडे जुनी-नवी टीम एकत्र ठेवा, आणि पहिलं महिनाअखेरचं बिलिंग सुखरूप पार पडेपर्यंत प्रोग्राम संपला असं म्हणू नका.

असं उत्तर पंधरा मिनिटांत द्यायची सवय करा. आठवड्याला दोन केस सोडवल्या तरी खूप. विषय शहरातून घ्या: सीताबर्डीच्या एखाद्या मोठ्या दुकानाची ऑनलाइन विक्री सुरू करायची, एखाद्या हॉस्पिटलच्या तीन शाखांच्या नोंदी एका सिस्टिममध्ये आणायच्या. तारीख, मालक, मागे फिरण्याची वाट, हे तीन प्रश्न प्रत्येक केसला विचारायचे.

माणसांचे प्रश्न

‘तुमच्या हाताखाली नसलेल्या माणसाकडून काम कसं करून घ्याल?’ हा प्रश्न येणार हे धरून चाला. ‘मी चांगले संबंध ठेवतो’ हे उत्तर पोकळ वाटतं. खरी गोष्ट अशी की त्या माणसाचा मॅनेजर त्याला कशावर मार्क देतो, हे तुम्हाला माहीत हवं. तुमचं काम त्याच्या यादीत नसेल तर तो कितीही भला असला तरी ते मागे पडणार. म्हणून एक तर ते काम त्याच्या यादीत आणायचं, नाहीतर त्याच्या मॅनेजरशी बोलून यादीतलं दुसरं काहीतरी काढायचं. असा एक प्रसंग वहीतून उचला.

एस्कलेशनबद्दल, म्हणजे अडलेला प्रश्न वरिष्ठांकडे नेण्याबद्दल, विचारलं तर क्रम सांगा. आधी त्या माणसाशी समोरासमोर, मग ‘मी हे वर नेतोय’ असं त्याला सांगून वर. पाठीमागून मेल टाकणारा समन्वयक पुढच्या वेळी कोणाकडूनच खरी माहिती मिळवू शकत नाही.

स्टेटस ‘रेड’ दाखवण्याचा प्रश्न मला स्वतःला फार जवळचा आहे. प्रोग्राम बुडतात ते बहुतेक ‘ग्रीन, ग्रीन, ग्रीन’ आणि एकदम ‘रेड’ असे बुडतात. अंबर कधी दाखवता, त्याची तुमची ठरलेली कसोटी काय, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. माझी अशी: क्रिटिकल पाथ आणि ठरलेली तारीख यांच्यामधली निम्मी मोकळीक संपली आणि सावरायचा लेखी मार्ग नाही, तर अंबर. तुमची वेगळी असू शकते, पण असलीच पाहिजे.

अमेरिकेतल्या टीमबरोबर काम असेल तर वेळेचं गणित तोंडपाठ ठेवा. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. नागपुरात संध्याकाळी साडेसहा वाजतात तेव्हा तिथं सकाळचे नऊ किंवा आठ. रोजच्या दोन सामायिक तासांत काय बोलायचं आणि काय लिहूनच कळवायचं, हे कसं ठरवता ते सांगा. टीमनं दर वेळी रात्री दहापर्यंत थांबावं, असा प्लॅन सहा महिन्यांत माणसं गमावतो.

सराव आणि मुलाखतीचा दिवस

तिसऱ्या आठवड्यात किमान तीन सराव मुलाखती द्या. एक तुमच्याच क्षेत्रातल्या वरिष्ठांसोबत, एक पूर्ण बाहेरच्या माणसासोबत. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि फक्त एकच गोष्ट मोजा: प्रश्न संपल्यापासून तुमचा पहिला मुद्दा यायला किती सेकंद लागले. आधी निष्कर्ष, मग गोष्ट. ‘हो, मी ते काम बंद करायला सांगितलं होतं’ असं पहिलं वाक्य आलं की पॅनेल पुढचं शांतपणे ऐकतं.

पहिल्या फेऱ्या बहुधा ऑनलाइन असतात. एप्रिल-मेमध्ये नागपुरात कूलरशिवाय बसता येत नाही आणि कूलरचा घरघराट माइक बरोबर उचलतो. आधी खोली थंड करून घ्या आणि मुलाखतीपुरता कूलर बंद ठेवा, किंवा एसी असलेल्या मित्राच्या घरी जा. वाय-फायचा राउटर इन्व्हर्टरवर आहे ना, हे आदल्या दिवशी मेन स्विच बंद करून पाहा. फोनचं हॉटस्पॉट तयार असू द्या. शेवटच्या क्षणी लाइट गेली तर ‘दोन मिनिटांत दुसऱ्या कनेक्शनवरून येतो’ एवढं शांतपणे सांगणं हीसुद्धा त्या पदाची परीक्षाच.

मिहानला प्रत्यक्ष बोलावलं तर ऑरेंज लाइननं खापरीपर्यंत जाता येतं, पण स्टेशनपासून कंपनीच्या गेटपर्यंतचं अंतर आणि वाहन आदल्या दिवशी विचारून ठेवा. सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) गेटवर ओळखपत्र आणि पास यात वेळ जातो. अर्धा तास हाताशी ठेवा.

तुमचे प्रश्न, आणि पगार

‘तुम्हाला काही विचारायचंय?’ याला ‘नाही’ म्हणू नका. मी हे तीन सुचवतो: हा प्रोग्राम यशस्वी झाला हे वर्षानंतर कशावरून ठरेल? आज सगळ्यात मोठा अडथळा कोणत्या दोन टीमच्या मध्ये आहे? आणि मी ‘थांबा’ म्हटलं तर कोण ऐकेल? तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर तुम्हालाही विचार करायला हवा. जबाबदारी आहे पण ऐकणारं कोणी नाही, अशा खुर्चीत चांगली माणसं करपतात.

पगाराचं बोलणं एचआरशी, पॅनेलशी नाही. सीटीसीचा (कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाचा) आकडा ऐकून हुरळू नका, तो उलगडून घ्या. २४ लाखांपैकी १५ टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून असलेला भाग) असेल तर ३.६ लाख बाजूला, नक्की उरले २०.४. मूळ वेतन ९.६ लाख धरलं तर कंपनीचा पीएफ १२ टक्क्यांनी सुमारे १.१५ लाख आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी सुमारे ४६ हजार, दोन्ही बहुधा सीटीसीतच मोजलेले असतात. उरले साधारण १८.८ लाख, म्हणजे महिन्याला दीड लाखाच्या थोडं वर, आणि त्यातून अजून तुमचा पीएफ आणि टॅक्स जायचा आहे. व्हेरिएबल मागच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष किती टक्के दिलं, हे विचारायला लाजू नका. नागपुरातून काम म्हणून पुण्या-बंगळुरूपेक्षा कमी आकडा दिला जात असेल, तर कामाची व्याप्ती तीच आहे ना, असं सरळ विचारा. तुम्ही कोणत्या शहरात राहता यावर प्रोग्रामचं ओझं हलकं होत नाही.

नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर तो पहिल्याच फोनवर सांगा. ३० दिवसांत येतो म्हणून शब्द द्यायचा आणि मग जुन्या कंपनीनं सोडायचं नाही, असं झालं तर पहिल्याच तारखेला तुमचा अंदाज चुकलेला असतो.

मुलाखत संपवून घरी आलात की त्याच संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर विचारलेले सगळे प्रश्न आठवतील तसे लिहून काढा. जिथं अडखळलात त्याच्यासमोर खूण करा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या एकाचं उत्तर नव्यानं बसवा, आधी मराठीत.